मदत हवी आहे: पाणी उकळून पितो, तरी घरात एकामागून एक ओकाऱ्या-हगवण

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, घरात नऊ माणसं. सोमवारी जाऊबाईंच्या दोन वर्षांच्या मुलाला ओकाऱ्या-हगवण लागली. बुधवारी सासूबाई, शुक्रवारी मी, काल पुतणी. आशाताईंनी लगेच ओआरएस आणि मुलांना झिंक दिलं, बाळ आता खेळतंय.

पाण्याचा संशय होता, म्हणून मंगळवारपासून उकळूनच पितो. मग हे येतं कुठून? काल छपरीत बसून नुसतं पाहिलं. संडासातलं टमरेल सगळे एकाच कानाला धरतात, त्याच हाताने कडी लावतात, साबण त्यानंतर. कापूस वेचून आलेलं माणूस तर आल्याआल्या माठात गडवा बुडवतं, बोटं पार पाण्यात.

कोरोनापासूनचं सॅनिटायझर मी कडीला, हाताला लावते आहे. ते चालतं का? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती घ्यायची? आणि बाळ जिथे ओकलं ती जमीन शेणाने सारवलेली आहे, तिचं काय करू?

प्रतिसाद: ताई, मी उपकेंद्रात काम करते. नेमकं काय आहे ते तपासणीशिवाय सांगता येत नाही, पण घरभर असं फिरणारे बहुधा रोटा, नोरोसारखे विषाणू असतात. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, यांना नसतं. म्हणून सॅनिटायझर यांच्यावर, विशेषतः नोरोवर, भरवशाचं नाही. साबणाने चोळून, वरून पाणी ओतून हात धुवा. प्लास्टिकवर, लोखंडावर हे दिवसच्या दिवस टिकतात. बरं झालेल्या माणसाच्या शौचातूनही नोरो दोन आठवडे किंवा जास्त पडत राहतो, तेव्हा बाळाचे लंगोट अजून वेगळेच धुवा.

ताजी टीसीएल असेल तर लिटरला 3 ग्रॅम. कडी, टमरेल आधी साबणाने धुवा, मग हे पाणी लावून दहा मिनिटं राहू द्या. संडासच्या अ‍ॅसिडमध्ये ती चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. शेणामातीत क्लोरीन लगेच वाया जातं. तिथला वरचा थर हाताला पिशवी बांधून खरवडा आणि विहिरीपासून लांब पुरा. मुलांचं झिंक 14 दिवस पूर्ण करा.

धागाकर्ती: खूप आभार ताई. माठाला आजच लांब दांड्याचं ओगराळं लावलं. पुतणी ओआरएस घेते आहे, लघवी नीट होते आहे. टीसीएलची पिशवी मात्र दिवाळीपासून उघडीच पडली आहे. चालेल?

प्रतिसाद: नाही, तिचा जोर गेला असेल. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ताजी मागा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुतणीची लघवी कमी झाली किंवा ती सुस्त पडली तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या.