भाजणे, शेकणे, परतणे : 'ग्रिल्ड'ला नेमकं काय म्हणायचं?

सातवी गल्ली
घरी सासऱ्यांची साखर आणि बीपी दोन्ही वर गेलंय. आहारतज्ज्ञ बाईंनी रात्रीच्या जेवणाचा तक्ता दिला, तो इंग्रजीत. रांधणार सासूबाई, म्हणून मी तो मराठीत उतरवायला बसलो. (बाईच आहे मी. कोल्हापुरात आम्ही 'आलो, गेलो, बसलो'च म्हणतो. कृपया दुरुस्त करू नका.)

तक्त्यात 'ग्रिल्ड चिकन', 'ग्रिल्ड फिश', 'ग्रिल्ड व्हेजिटेबल्स' असं सारखं येतंय. मी सरळ 'भाजलेलं चिकन' लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, "भाजायला तेल किती घालू?" मी म्हटलं, आई, भाजायला तेल कशाला? तर म्हणाल्या, "मग कांदा-खोबरं तू कशात भाजतीस? शिऱ्याचा रवा कशात भाजतीस?" मी गप्प. बरोबर कोणाचं? आणि तक्त्यात लिहू काय?

शब्दवेल्हाळ
तुमचंच बरोबर. 'पापड तळू की भाजू?' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. भाजणे म्हणजे तेलाविना. शेंगा भाजतो, कणसं भाजतो, भरताचं वांगं भाजतो. (वांग्याला तेलाचं बोट फिरवतात ते साल सुटावं म्हणून, ते धरू नका.) थोडं तेल आलं की परतणे, बुडेल इतकं आलं की तळणे. रवा तेवढा अपवाद समजा.

कट वेगळा द्या
अपवाद कसला? लाडवाचं बेसन तुपात भाजतात. शेवया तुपात भाजतात. पंजिरीची कणीक तुपात भाजतात. आणि आमच्याकडं मटणाचा मसाला 'तेल सुटेपर्यंत भाजून घे' असंच सांगतात, 'परतून घे' म्हणणारी बाई पुण्याची समजावी. अपवादांचीच पंगत बसली की तुमची.

तालमीतला गडी
ग्रिल म्हटलं की मला खिडकीचं ग्रिल दिसतं. 'ग्रिलवरचं चिकन' म्हटलं तर आमची आज्जी म्हणेल, आत घे, मांजर न्हेल.

शुद्धमती
थट्टा पुरे. आपल्याकडे शब्द असताना उसनवारी कशाला? संस्कृतात 'शूल्य' म्हणजे भाजलेलं मांस, आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही हा शब्द आहे. तक्त्यात 'शूल्य कुक्कुट' लिहा. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसले होते. आज महापौर म्हणताना कोण हसतं?

तालमीतला गडी
महापौराला हसायची कारणं वेगळी असत्यात.

दप्तरी
शुद्धमती, शूल्य म्हणजे शूळावरचं, सळईला टोचून भाजलेलं. ते सीख कबाबाच्या जवळ जातं. जाळीवर ठेवलेल्या तुकड्याला शूल्य म्हणाल तर संस्कृतच चुकेल. जुनाच शब्द हवा असेल तर 'अंगारपक्व' म्हणा, म्हणजे निखाऱ्यावर शिजलेलं. पण तो वाचून कुणी चूल पेटवेल असं वाटत नाही.

जाता जाता : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त भाजलेल्या मांसाचे बरेच प्रकार आहेत, त्यात 'भडित्र' येतं. आपलं भरीत या भडित्रावरूनच आलं ही माझी लाडकी अटकळ. माझ्या घरात ती सर्वमान्य आहे.

शब्दवेल्हाळ
मग भाजी, भजी, भाजणी हे सगळं भाजणेच्याच घरचं की! मूळ धातू भृज्ज्. याचा अर्थ भाजीसुद्धा पूर्वी तेलाविनाच होत असणार. माझा मुद्दा सिद्ध.

दप्तरी
भाजणे आणि भाजणी भृज्ज्ची, मान्य. भाजीला ओढू नका. संस्कृतात 'भाजी' असा वेगळाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ पेज.

कट वेगळा द्या
आजाऱ्याला पेज. बसा आता, आलं की नाही पथ्यावर?

शिरोलीकर
एमआयडीसीत फौंड्रीत आयुष्य गेलं, त्यामुळं भट्टीपाशी मला बोलू द्या.

उष्णता पदार्थापर्यंत पोचायच्या वाटा वेगळ्या. तव्यावर ती भांड्याला टेकून येते. कढईत तेलातून येते. निखाऱ्यावर जाळी ठेवून वर तुकडा ठेवला की मुख्यतः झळ लागते. हा 'झळ' शब्द आपल्याकडं किती नेमका आहे बघा : लांबूनच, न टेकता लागते ती झळ. इंग्रज ज्याला ग्रिल म्हणतो तिथं काम करते ती झळ.

आता इंग्रजी शब्दाचं मूळ. ग्रिल आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या 'क्रॅटिक्युला'वरून. क्रॅटिक्युला म्हणजे छोटी जाळी. म्हणजे तालमीतल्या गड्याची खिडकी आणि सातव्या गल्लीची कोंबडी एकाच शब्दावर आहेत, ह्यात विनोद काही नाही. बार्बेक्यूचंही तेच, कॅरिबियन बेटांवरच्या लोकांची काठ्यांची मांडणी, ती स्पॅनिश लोकांनी उचलली. त्यांनी पदार्थाला साधनाचं नाव दिलं. आपण तसं करत नाही. आपलं भाजणे साधन विचारतच नाही. तव्यावर भाज, जाळावर भाज, राखेत भाज, तुपात भाज, आव्यात मडकं भाज, भट्टीत वीट भाज, शिवारात तरव्याची जागा भाज. क्रियापद एकच, बाकी सगळं पुढच्या शब्दानं सांगायचं. त्यामुळं सासूबाईंनी 'कशात?' विचारलं ते अगदी मराठी रीतीनं विचारलं.

आणखी एक गुंता. इंग्लंडात ग्रिल म्हणजे झळ वरून, अमेरिकेत वरून असेल तर तो ब्रॉईल आणि खालून असेल तर ग्रिल. आपल्या घरच्या छोट्या ओव्हनमध्ये वरचा रॉड लाल होतो, तो इंग्लंडचा ग्रिल. बाईंना कुठला अपेक्षित आहे ते विचारून घ्या.

माझं मत : 'तेल न घालता जाळीवर भाजलेलं'. एका शब्दाचा हट्ट सोडा.

शुद्धमती
पाच शब्द? आणि 'फौंड्री' कशाला, 'ओतशाळा' म्हणा.

शिरोलीकर
म्हणतो. पगार ओतशाळेत मागितला तर मिळेल का तेवढं बघून सांगा.

पन्हाळ्याखाली
शेकणे कसा विसरला सगळ्यांनी? भाकरी आधी तव्यावर भाजायची, मग तवा बाजूला सारून आरावर शेकायची. शेकताना भांडं मधी नाही, तेल नाही, नुसती झळ. पापुद्रा फुगतो तो शेकण्यानं. हाच तुमचा ग्रिल. 'आरावर शेकलेलं चिकन', चार अक्षरी 'शेकलेलं'. संपलं.

कट वेगळा द्या
शेकलेलं चिकन म्हटलं की कोंबडीच्या कमरेत उसण भरलीय आणि कुणीतरी तिला गरम पाण्याची पिशवी लावलीय असं वाटतं.

चिमटीतला शब्द
'आर' हा प्रमाण शब्द नाही. निखारे म्हणावं. आणि शेकणे हा हलक्या आचेचा शब्द आहे : पाठ शेकणे, बाळंतिणीला शेक देणे. कच्चं मांस शेकून शिजेल का? अर्धवट राहील आणि 'अंगाशी शेकेल'.

पन्हाळ्याखाली
प्रमाण कोण ठरवतंय? ज्यांच्या घरात गॅसवर निळी ज्योत आहे त्यांनी निखाऱ्याचं नाव आम्हाला शिकवायचं? जळतंय तोवर जाळ, ज्योत विझून लालबुंद राहिलं की आर, वरची राख धरली तरी आत धग असते. आमच्या आईला या तिन्हींवर वेगवेगळं काय ठेवायचं ते कळतं. पुस्तकात एकच 'निखारा' आहे, त्याला आम्ही काय करणार?

चिमटीतला शब्द
मी फक्त लेखी भाषेबद्दल बोललो. तक्ता लेखी आहे.

पन्हाळ्याखाली
वाचणाऱ्या सासूबाई कोल्हापूरच्या हायत.

वाटी-चमचा
मी याच क्षेत्रात काम करते म्हणून थोडं तेलाबद्दल. शब्द कुठलाही लिहा, त्याच्यापुढे तेलाचं माप लिहा. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. पोहे खायचा नव्हे, मापाचा मोठा चमचा घेतला तर एका चमच्यात साधारण १२० कॅलरी आल्या. शेंगतेल असो की करडई, हिशेब तोच. 'भाजलेलं' वाचून कुणी पळीभर ओतलं तर व्याकरण बरोबर असून उपयोग नाही.

दुसरं, काळं करपेपर्यंत भाजू नका. मांस फार तापलं आणि करपलं की त्यात नको ती रसायनं तयार होतात, आणि चरबी निखाऱ्यावर गळून जो धूर उठतो तोही तुकड्याला चिकटतो. दही किंवा लिंबू, आलं-लसूण लावून मुरवून ठेवलं तर हे प्रमाण कमी होतं. चरबी आधी काढा, आच मध्यम ठेवा, उलटत राहा. कोंबडी मात्र आतपर्यंत शिजलीच पाहिजे, गुलाबी चालणार नाही.

तिसरं म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. कोल्हापुरी चटणीत मीठ आधीच असतं हे विसरून वरून पुन्हा घालतात, आणि बीपीच्या माणसाला तेच नडतं.

दप्तरी
करपणे आणि खरपूस यांच्यात एका मिनिटाचं अंतर आहे, पण भाषेनं दोघांना दोन टोकांना बसवलंय. खरपूस म्हणजे कौतुक, करपट म्हणजे बोलणी. 'ग्रिल्ड'मध्ये जाळीच्या ज्या काळसर रेघा उठतात त्यांना काय म्हणाल?

कट वेगळा द्या
डाग.

चिमटीतला शब्द
आणि 'कोल्हापुरी चटणी' म्हणजे आमच्यासारख्यांना वाटीतली ओली चटणी वाटते. मसाला म्हणा ना.

तालमीतला गडी
चटणी म्हणजे चटणी. तुमची ती ओली ती 'लावायची'. जाऊ द्या, वेगळं भांडण आहे हे.

सातवी गल्ली
तेलाचं माप लिहितो, हे पटलं. आता वरचं शीर्षक अडलंय. मूळ तक्त्यावर 'हेल्दी डिनर' आहे. मी 'रात्रीचं पौष्टिक जेवण' केलंय. चालेल?

तालमीतला गडी
पौष्टिक?! वहिनी, कोल्हापुरात पौष्टिक म्हणजे पैलवानाचा खुराक. तूप, दूध, बदाम घालून घोटलेली थंडाई. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं तेव्हापासून इथं पौष्टिक म्हटलं की अंगावर चढलं पाहिजे. सासरे 'पौष्टिक' वाचून गंगावेशीत धारोष्ण दुधाला जाऊन उभे राहतील. आणि 'जेवण' पण जपून. आमच्यात 'आज जेवण हाय' म्हटलं की तांबडा-पांढरा समजतात.

शब्दवेल्हाळ
मग 'पथ्याचं'.

सातवी गल्ली
पथ्याचं म्हटलं की ते ताटाला हात लावत नाहीत. मी आजारी नाही म्हणतात.

शुद्धमती
'आरोग्यदायी'.

पन्हाळ्याखाली
त्यापेक्षा 'हलकं'. 'रात्री हलकं खा' हे डॉक्टर यायच्या आधीपासून सांगतात सगळे. हलक्यात कुणाचा अपमान नाही.

वाटी-चमचा
'हलकं' म्हटलं की लोक दूध-पोहे, खिचडी नाहीतर उपमा खातात. प्रथिनं कुठंच नाहीत. जाळीवरची कोंबडी सुचवलीय ती त्यासाठीच. ज्वारीची भाकरी, जाळीवरचा तुकडा, शेजारी कच्ची काकडी-कांदा आणि पातळ पांढरा रस्सा, पण रश्शातलं ओलं खोबरं बेतानं. हे 'हलकं'ही नाही आणि 'पौष्टिक'ही नाही. मराठीत या मधल्या जागेला शब्द नाही असं मला रोज वाटतं.

कट वेगळा द्या
कोण म्हणतं नाही? 'बेतानं' म्हणजे तेच की.

दप्तरी
बेत म्हणजे तर उलट जंगी. 'आज काय बेत?'

पन्हाळ्याखाली
शिरोलीकरांनी 'राखेत भाज' लिहिलंय त्यावरून आठवलं. चुलीतल्या फुफाट्यात रताळी पुरून ठेवायची, सकाळपर्यंत आपोआप भाजतात. तेल नाही, करपणं नाही, वरचं सगळं पथ्य त्यात येतं. फुफाट्यात भाजलेल्याला वेगळा शब्द आहे का कुणाकडं?

चिमटीतला शब्द
फुफाटा म्हणजे धूळ ना? गाडी गेली की रस्त्यावर उडतो तो.

पन्हाळ्याखाली
धूळ? मग 'आगीतून फुफाट्यात' म्हणजे काय, माणूस आगीतून उठून रस्त्याच्या धुळीत बसला? गरम राख ती!

तालमीतला गडी
आमच्याकडं दोन्हीला म्हणत्यात. उन्हाळ्यात शेताच्या वाटेवरचा फुफाटा पायाला भाजतोच की.

शब्दवेल्हाळ
बघा, पुन्हा तेलाविनाच भाजला.