अनुभव धागा : आमच्याकडचा गाण्या-नाटकाचा आठवडा

वर्षातला एक आठवडा असा येतो की घराचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती फिरतं. स्वयंपाक दुपारीच उरकतो, पोरांना शेजारी सोडलं जातं, रजेचा अर्ज महिनाभर आधीच गेलेला असतो. कुठे पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, कुठे उरूस, कुठे जत्रेतला दशावतार, कुठे धान निघाल्यावरची नाटकं. त्या आठवड्याबद्दल लिहायला हा धागा काढतेय.

एकच विनंती. कोण गायलं, कोणी काम केलं याची यादी पेपरात येतेच. तुम्ही कुठे बसला होतात, शेजारी कोण होतं, कानात काय राहिलं आणि तो आठवडा उभा करायला कोण राबतं, ते लिहा. मोडकंतोडकं चालेल, पण स्वतःचं हवं.

सुरुवात मी करते. आमच्या तालुक्याच्या गावी लहानसं संगीत मंडळ आहे. वर्षातून पाच संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये गाणं होतं आणि मी तेरा वर्षं तानपुऱ्याला बसते. लोकांसाठी कार्यक्रम सहाला सुरू होतो. आमचा साडेचारला होतो, मागच्या वर्गात, पंखा बंद करून. पहिली तार पंचमात, मधल्या दोन जोडाच्या षड्जात, शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात. खुंटी पिळून ढोबळ सूर आला की मणी सरकवत तो नेमका करायचा, मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा केसभर मागेपुढे करत जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा मोकळा नाद, शोधायची. दोरा जागेवर बसला की तार एकदम मोकळी बोलते आणि थोड्या वेळाने खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो. गंधाराला एकही तार लावलेली नसते. तो खर्जाच्या पोटातच असतो, जवारी नीट लागली तरच बाहेर येतो. इतकी वर्षं ऐकतेय, तरी दर वेळी मी गायकाच्या तोंडाकडे बघते, त्यांनाही ऐकू आला का म्हणून.

गेल्या वर्षी आमच्या दोनपैकी एका तानपुऱ्याची घोडी झिजून तार बोलेनाशी झाली. दुसऱ्या बाजूला मोबाइलवरचा तानपुरा लावावा लागला. गाणं झालं, लोक खूश होऊन गेले. मला मात्र रात्रभर चैन पडलं नाही.

आता तुम्ही लिहा.

पुण्याहून, सवाईची नेहमीची श्रोती

मी सातवीत असताना बाबा मला पहिल्यांदा रमणबाग शाळेच्या मैदानावर सवाईला घेऊन गेले. भारतीय बैठक, अंगाखाली सतरंजी, त्यावर आईने घरून आणलेली चादर. रात्री दोनच्या सुमारास मी बाबांच्या मांडीवर झोपले आणि उठले तेव्हा अंग पूर्ण शालीत गुंडाळलेलं होतं. ती शाल आमची नव्हती. शेजारच्या आजींनी काढून घातली होती आणि त्या स्वतः पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. स्टेजवर भीमसेन जोशी होते आणि मांडवाच्या कडेने उजाडत होतं.

1952 साली सवाई गंधर्व गेले आणि पुढच्या वर्षापासून भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. पुण्यात हे सगळ्यांना पाठ आहे. पण मला त्यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. एवढा मोठा गवई कलाकारांना आमंत्रण देण्यापासून सगळं स्वतः बघायचा आणि सगळ्यांचं गाणं झाल्यावर शेवटी गायला बसायचा. त्यांचे गुरुबंधू फिरोज दस्तूर आले की 'गोपाला मेरी करुणा' या ठुमरीची फर्माईश व्हायची. बाबा ती ऐकताना डोळे मिटून घ्यायचे, आणि आम्ही त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही हे आम्हाला न सांगता कळलं होतं.

मग रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवायचा नियम कडक झाला. सरकार वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सूट देतं, पण पहाटेपर्यंत चालणारं गाणं संपलं ते संपलंच. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, रमणबागेच्या आसपास आजारी माणसंही राहतात. पण ललत, भटियार हे पहाटेचे राग रात्र जागून त्या त्या वेळी ऐकणं वेगळं. माझ्या मुलीने ते ऐकलेलं नाही. त्याच्या बदल्यात दुपारच्या सत्रांमुळे तिला सारंग आणि मुलतानी त्यांच्या वेळेला मिळाले, जे मला तिच्या वयात मिळाले नव्हते. 2018 पासून उत्सव मुकुंदनगरला गेला. तिथे पहिल्या वर्षी मला परक्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सतरंजीवर ओळखीची चार डोकी दिसली आणि पुढे काही वाटलं नाही.

2020 आणि 2021 मध्ये उत्सव झाला नाही. तोवर बाबा गेले होते. 2022 ला मी त्यांची शाल घेऊन गेले. शेवटी सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतली भैरवी लावतात, त्या वेळी सगळा मांडव गप्प असतो. जुन्या तबकडीची खरखर मागच्या रांगेपर्यंत ऐकू येते.

मिरजेहून, सतारमेकर गल्लीतला

वरच्या ताईंनी सवाई गंधर्वांचं लिहिलंय म्हणून त्यांच्या गुरूंचं मी लिहितो. अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेचेच झाले. आजारी अवस्थेत इथे आले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि बरे झाले, असं इथे घरोघर सांगतात. 1937 ला ते प्रवासात गेले. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. उरसात तिथे गाणं होतं आणि मोठमोठे कलाकार हजेरी लावायला येतात. हजेरी हाच शब्द आम्ही वापरतो, कार्यक्रम म्हणत नाही. याच उरसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. लहानपणी मला वाटायचं सगळ्याच गावांत असं असतं.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत झोप नसते. बाहेरून आलेली मंडळी वाद्यं दाखवायला आणतात आणि संध्याकाळच्या आत हवी असतात. मी लहान असताना माझं काम भोपळे उचलण्याचं होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे कडू भोपळे येतात, वाळून खडखडीत झालेले. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा, मग आतून काटक्यांचा ताण देऊन त्याला गोलाई आणायची. घाई केली की तडकतो. वडील म्हणायचे, "भोपळ्याला विचारून कर." 2024 ला मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले, चांगलंच झालं. पण आमच्या पुढच्या पिढीतले हातावर मोजण्याइतकी पोरं या कामाला बसतात, हे मला लिहावंसं वाटतं. जवारी काढायला कान लागतो आणि कान तयार व्हायला दहा वर्षं जातात.

उरसात गायक गात असताना मी मागे उभा राहतो. लोक गाणं ऐकतात, मी आधी तानपुरा ऐकतो. आपल्या दुकानातला असेल तर हात जोडले जातात.

वडसा, जिल्हा गडचिरोली

मी मूळची नगरची. नोकरीमुळे इथे आले. झाडीपट्टीची, म्हणजे इथल्या पूर्व विदर्भातली, नाटकं असतात एवढंच ऐकलं होतं. आठ-पंधरा दिवसांची हौस असेल असं वाटलं होतं. इथे तर दिवाळीनंतर धान निघालं की मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि तिथून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी, नाटक चालूच. नाटक कंपन्या आमच्या वडशात. हंगामात बाजारातून चाललं की पोस्टरांवरून कोणत्या गावी काय आहे ते कळतं.

पहिलं नाटक पाहिलं ते माझ्यासोबत काम करणाऱ्या एका ताईंच्या गावी. दुपारीच त्यांचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. लेकी माहेरी आलेल्या, जावई, व्याही, कोणी तिसऱ्या गावाहून. मला वाटलं लग्न आहे. "लग्न नाही जी, नाटक आहे," त्या म्हणाल्या. मंडईत नाटकाला आले असताना पोरगी पाहणं होतं, सोयरिकी जमतात, हे नंतर समजलं. म्हणजे लग्नसुद्धा होतंच, थोडं पुढे.

धानाच्या कापलेल्या बांधीत मांडव होता. खाली धसकटं टोचत होती म्हणून ताईंनी तणसाची पेंढी सोडून पसरली आणि वर घोंगडी. रात्री उशिरा पडदा उघडला. दीडच्या सुमारास नायिकेच्या आईचा प्रवेश होता. काम करणाऱ्या बाई रडत रडत पुढे आल्या आणि माझ्या बाजूला बसलेल्या म्हातारीने त्यांना मोठ्याने सांगितलं, "नको रडू माय." कोणी तिला गप्प केलं नाही. स्टेजवरच्या बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य तिलाच उद्देशून म्हटलं. मी शहरात पुष्कळ नाटकं पाहिली आहेत, असं कधी पाहिलं नव्हतं.

उजाडेपर्यंत नाटक चाललं. सकाळी तीच माणसं शेतावर. इथल्या परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या ऑफिसात प्रत्येक जण त्यांचं कोणतं नाटक कोणत्या गावी पाहिलं ते सांगत होता.

कुडाळकडचो, सध्या मुंबईत

जत्रेक गावाक गेलंय नाय असा एकच वर्ष झाला. पुढचं सगळ्यांना समजेल असं लिहितो.

आमच्या जत्रेत रात्री पालखी झाली की दशावतार उभा राहतो. मी नाटक सुरू व्हायच्या आधी देवळामागे जाऊन बसायचो, अजूनही बसतो. तिथे प्रत्येक जण आपापली पेटी पुढ्यात घेऊन, एका हातात लहान आरसा धरून स्वतःचा रंग स्वतः लावत असतो. दिवसा शेतात किंवा गॅरेजमध्ये काम करणारा माणूस अर्ध्या तासात राणी होतो. चोळी घालून, केस माळून झाले की तो आरशाला नमस्कार करतो आणि त्यानंतर त्याचं बसणंसुद्धा बदलतं. लिहिलेली संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कोणी कुठे यायचं ते बोललं जातं आणि बाकी सगळी भाषणं उभ्या उभ्या. बाजाची पेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर युद्ध उभं राहतं.

आजी नेहमी म्हणायची, "पुढे जावन बस, मागसून दिसाचा नाय." ती स्वतः मागे, देवळाच्या पायरीवर. संकासुर राक्षसाचं सोंग आलं की मी पळत तिच्याकडे जायचो. पहाटे दहीकाला व्हायचा तेव्हा ती मला उठवायची. यंदा मी माझ्या मुलाला पुढे बसवलं आणि स्वतः त्या पायरीवर बसलो. तिथून खरंच नीट दिसत नाही.

कोल्हापूर

जास्त लिहवत नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. 1915 सालचं, शाहू महाराजांच्या काळातलं थिएटर. आमच्या गल्लीतल्या मुलांचं दरवर्षीचं स्नेहसंमेलन तिथे व्हायचं. मी आठ वर्षांची असताना विंगेत उभी होते आणि मला स्टेजवर जायची हिंमत होत नव्हती. पडदा ओढणाऱ्या काकांनी माझ्या हातात पडद्याचा दोर दिला आणि म्हणाले, "धर, मग भीती जाते." जळालं त्या रात्री रस्त्यावर इतकी माणसं उभी होती, मी त्यांच्यात त्या काकांना शोधत होते.

मुंबई, रोजची लोकलवाली

आमचा आठवडा जानेवारी-फेब्रुवारीत, काळा घोडा कला महोत्सवाचा. 1999 पासून होतोय, नऊ दिवस, तिकीट नाही. ऑफिस फोर्टमध्ये असल्याने मी सुटल्यावर एक तास थांबते आणि मग गाडी पकडते. एवढंच. पण त्या एका तासावर माझं वर्ष निघतं.

ध्वनिव्यवस्थेवाला, मराठवाड्यातून

मी वीस वर्षं माइक लावतो. कार्यक्रम चांगला झाला की आमचं नाव कोणी घेत नाही, माइकची शिट्टी वाजली की सगळे वळून बघतात. त्याचं वाईट वाटत नाही, काम तसंच आहे.

एका गावच्या संगीत सप्ताहात शेवटच्या दिवशी आधीच उशीर झाला होता. गायिका वयाने मोठ्या. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी बडा ख्याल संपवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी हाताने खूण केली, आता बंद करावं लागेल. त्यांनी मान डोलावली. मी एकेक माइक खाली आणला, शेवटी तबल्याचा. मला वाटलं आता उठतील. त्यांनी तानपुरेवालीला थोडं जवळ बोलावलं आणि मागच्या लोकांना हाताने पुढे या म्हणून सांगितलं. शंभरेक माणसं होती. खुर्च्या राहिल्या मागेच, सगळे स्टेजच्या पायाशी येऊन बसले, लहान मुलं तर स्टेजवरच.

मग त्या बिनमाइकच्या गायल्या. पाऊण तास. आवाज बारीक होता, कापतही होता. डग्ग्याचा घुमार जमिनीतून येत होता. मिक्सरपाशी मला काहीच काम नव्हतं. वीस वर्षांत मी कधी गाणं ऐकलं नव्हतं, आवाज ऐकला होता. कुठे जास्त, कुठे कमी, कुठे फाटतोय. त्या रात्री मी मिक्सर सोडून खाली जाऊन बसलो.

तेव्हापासून लहान हॉल असेल तर मी आयोजकांना आधी विचारतो, माइक लागेलच का? बहुतेक लोक हो म्हणतात.

पुन्हा मिरजेहून

धागा काढणाऱ्या ताईंसाठी. घोडी झिजली असेल तर नवीन तानपुरा घ्यायची गरज नाही. घोडी कानशीने परत घडवता येते, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, तडकलेली नसली म्हणजे झालं. मोबाइलवर आवाज पाठवू नका, त्यातून जवारी कळत नाही. वाद्यच आणा. तारा थोड्या सैल करा, खुंट्या कापडाने बांधा आणि भोपळ्याखाली उशी द्या. तुमची सभा कधी आहे ते कळवा, त्याआधी तयार होईल.