मदत हवी आहे: रेशेन ते बोल्झानो सायकलने (चढाची नाही, उताराची भीती वाटते)

उतारभीरू

लेक म्युनिकला असते. सप्टेंबरात तिच्याकडे जाणार आहोत आणि त्यातले सहा दिवस आम्हा दोघांना मोकळे आहेत. नवऱ्याने कुठेतरी एक व्हिडिओ बघितला, तेव्हापासून घरात एकच जप चाललाय: रेशेन. (रेशन नव्हे. शेजारणीला दोनदा समजावून झालंय.) ऑस्ट्रिया-इटलीच्या हद्दीवरची साधारण १,५०० मीटर उंचीची ही खिंड. तिथून आदिजे नदीच्या सोबतीने फिन्शगाउ खोऱ्यातून मेरानो आणि पुढे बोल्झानो. सगळं मिळून ११५ किलोमीटरच्या आसपास. बोल्झानो जेमतेम २६० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता उताराचा. ज्याला सांगावं तो म्हणतो, "मग काय, पाय न मारता पोचाल!"

माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय. मी ५५ वर्षांची, नवरा ६१. रविवारी ५०-६० किलोमीटर आरामात होतात, घाट चढायलाही माझी ना नाही, दम खात खात चढते. पण दोन वर्षांपूर्वी एक घाट उतरताना मी मागचा ब्रेक धरून ठेवला, वळणावर चाक घसरलं आणि मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. हाड जुळलं, पण धास्ती काही गेली नाही. अजूनही लांब उतारावर पाच मिनिटांत बोटं आखडतात.

तर ज्यांनी ही वाट केली आहे त्यांनी खरं सांगा, उतार कुठे कुठे तीव्र आहे? सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? आणि नवऱ्याला मधेच श्टेल्वियो खिंड चढायची आहे, त्याचं काय करू?

मडगार्ड

जा हो ताई, डोळे झाकून जा. (उतारावर उघडा.) आणि श्टेल्वियोचं काय करायचं ते दादांच्या गुडघ्यांना विचारा.

सावकाश

मी ही वाट दोनदा केली आहे, वरून खाली. थोडं सविस्तर लिहिते, कारण "सगळा उतारच" हे अर्धसत्य आहे.

रेशेनच्या तलावाकाठी रस्ता जवळजवळ सपाट आहे. पाण्यातून वर आलेला चर्चचा मनोरा तुम्ही व्हिडिओत पाहिलाच असेल. १९५० मध्ये धरणासाठी ग्राउन गाव बुडवलं, त्यातला तो चौदाव्या शतकातला मनोरा तेवढा उरला. फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते, पण मला तिथे फार वेळ थांबवलं नाही. सकाळी लवकर निघा. दुपारी तलावावर काइटसर्फिंगवाले जमतात ते वाऱ्यासाठीच.

खरी परीक्षा तलाव संपल्यावर, सांक्ट फालेन्टिनच्या खाली सुरू होते. डोंगरातून वाहून आलेल्या गाळाचा एक अवाढव्य पंखा खोऱ्यात पसरलाय, त्याच्या पाठीवरून वाट बुर्गआइसकडे उतरते. काही किलोमीटरांत अडीचशे मीटर. समोर ओर्टलर शिखराचं बर्फ दिसत असतं आणि लक्ष मात्र ब्रेकवर ठेवावं लागतं, हा खरा अन्याय! माल्सच्या पुढे ग्लुर्न्सपर्यंत आणखी थोडा उतार. तिथून मात्र खोरं रुंद होतं आणि नदीच्या बांधावरून, सफरचंदांच्या बागांमधून वाट इतकी हळू उतरते की अधूनमधून पॅडल मारावंच लागतं.

दुसरा तीव्र टप्पा अगदी मेरानोच्या तोंडावर. ट्योल नावाच्या ठिकाणी खोरं एक पायरी उतरतं आणि सायकलची वाट नागमोडी वळणं घेत आल्गुंडला जाते. वळणं बांधून काढलेली आहेत, पण गर्दी असते, आणि बरेच जण सायकल पहिल्यांदाच हातात घेतल्यासारखे चालवत असतात. मी चक्क उतरून चालले. कोणी हसलं नाही.

बोटांचं म्हणाल तर आधी ब्रेकचे लिव्हर तपासा. आपल्या सायकलींचे लिव्हर बहुतेकदा मोठ्या पंजासाठी लावलेले असतात, बोट पूर्ण ताणल्याशिवाय पोचत नाही आणि पाच मिनिटांत हात आखडतो. लिव्हरपाशीच एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो. दुसरं म्हणजे ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून वेग उतरवा आणि वळणात सोडा. तुमचं मागचं चाक घसरलं ते वळणात अडकवल्यामुळे. जास्त काम पुढचा ब्रेक करतो, त्याला घाबरून चालत नाही. फक्त बूड थोडं मागे सरकवायचं.

घाटमाथा

सगळे खाली जायचंच का बोलताहेत? ताईंनी स्वच्छ लिहिलंय की चढायला त्यांची ना नाही. मग उलट करा की! बोल्झानोहून सुरुवात करून वर रेशेनला जा.

मेरानो ३०० मीटरवर, माल्स हजाराच्या आसपास, मधलं अंतर ६० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे बारा-तेरा मीटर चढ. याला घाट म्हणत नाहीत. ट्योलची वळणं चढताना भीती नाही, फक्त घाम. तो शेवटचा गाळाचा पंखा तेवढा दमवेल, तिथे सायकल ढकला. शिवाय म्युनिकहून बोल्झानोला ब्रेनर खिंडीतून थेट रेल्वे आहे. वरून, ऑस्ट्रियातल्या लांडेकहून सुरुवात केलीत तर वाट स्वित्झर्लंडात मार्टिनाला जाते, अकरा वळणं चढून पुन्हा ऑस्ट्रियात येते आणि मग इटली. तीन देशांचा शिक्का मिरवायचा असेल तर ठीक, नाहीतर कशाला?

सावकाश

घाटमाथा, हे मला सुचलं नाही याची लाज वाटतेय. एवढंच म्हणेन की ऊन लवकर चढतं, हे खोरं पूर्व आल्प्समधल्या सगळ्यात कोरड्या खोऱ्यांपैकी आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणून तर डोंगरउतारांवर शेकडो वर्षांचे पाटाचे कालवे आहेत. त्यांच्या कडेच्या वाटा चालण्यासाठी आहेत, तिथे सायकल घालू नका.

उतारभीरू

घाटमाथा, तुम्ही माझा नकाशाच उलटा केलात. नवरा आधी म्हणाला "लोक काय म्हणतील", मग म्हणाला "चढाचा फोटो भारी येतो". पण रेशेनला पोचल्यावर परत कसं यायचं? तोच उतार पुन्हा माझ्याच पदरात ना?

कॅरियर

भाड्याची सायकल घ्या, प्रश्न मिटला. मेरानो-माल्स लोकलच्या कडेने भाड्याची केंद्रं आहेत, एका स्टेशनवर घेऊन दुसऱ्यावर परत करता येते. माल्सला सायकल देऊन टाका आणि तलावाला एसटीसारख्या बसने जा. नाहीतर सायकलने वर जाऊन तो एकच तुकडा माल्सपर्यंत उतरा, चालत उतरलात तरी दोन-अडीच तास. माल्सहून खाली लोकल. हा लोहमार्ग बंद पडला होता, २००५ मध्ये पुन्हा सुरू केला आणि आता सायकलवाल्यांनीच भरलेला असतो. स्वतःची सायकल डब्यात घ्यायला मोसमात जागा मिळेलच असं नाही, हे भाड्याच्या बाजूने आणखी एक कारण. मार्गाच्या विद्युतीकरणासाठी अधूनमधून टप्पे बंद ठेवतात, म्हणून तारखा ठरवण्याआधी वेळापत्रक बघा.

मुक्कामाच्या ठिकाणी 'गेस्ट पास' देतात का विचारा. त्यावर दक्षिण टिरोलमधल्या, म्हणजे या सगळ्या प्रांतातल्या, लोकल आणि बस फुकट. सायकलचं तिकीट मात्र वेगळं.

आणि नावांचा गोंधळ आधीच सांगतो. हा प्रदेश पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा, त्यामुळे प्रत्येक गावाला दोन नावं. माल्स म्हणजेच माल्लेस, ग्लुर्न्स म्हणजेच ग्लोरेन्झा, बोल्झानो म्हणजेच बोत्सेन. माझ्या मित्राने एकाच गावात दोन नावांनी दोन खोल्या आरक्षित केल्या होत्या. त्याला वाटलं दोन मुक्काम झाले.

घाटमाथा

आता श्टेल्वियो. पायथ्याच्या प्राड गावाकडून चढलं तर २४ किलोमीटर, १,८०० मीटर चढाई, ४८ वळणं. माथा २,७५७ मीटरवर. कळसूबाईवर अकराशे मीटर आणखी रचा म्हणजे झालं. चढणं ही जिद्दीची गोष्ट आहे, पण सप्टेंबरात वर बर्फ पडू शकतं आणि उतरताना हात गारठतात. दादांना बॅटरीवाली सायकल द्या, पाठीवर जाड जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे द्या, पहाटे सोडा. ताई, तुम्ही तो दिवस ग्लुर्न्सला काढा. साधारण नऊशे वस्तीचं गाव, पण सोळाव्या शतकातली तटबंदी सबंध उभी आहे. दुपारी लासला जा. तिथला पांढराशुभ्र संगमरवर जगभर जातो, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या थडग्यांवरचे क्रूसही त्याचेच. ग्लुर्न्स ते लास हलका उतार आहे, ब्रेकचा सराव तिथेच करून घ्या.

मडगार्ड

व्हिसाचं कोणी बोललं नाही. म्युनिकचे मुक्काम जास्त असतील तर अर्ज जर्मनीकडेच करा. विम्याला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, पण डोंगरातून सुटका करण्याचा खर्च आणि सायकलिंग त्यात धरलंय का ते बारीक अक्षरात वाचा. दादा ४८ वळणांवर जाणार आहेत म्हणून सांगतोय.

उतारभीरू

ठरलं! बोल्झानो, मेरानो, नाटुर्न्स, मग दोन रात्री ग्लुर्न्स, आणि सहाव्या दिवशी माल्सला सायकली देऊन बसने तलाव. मनोरा मी बसच्या खिडकीतून आधी बघेन, त्यात कमीपणा वाटत नाही. काल लिव्हरचा स्क्रू सापडला. इतकी वर्षं तो तिथेच होता. तीन फेरे दिले आणि पहिल्यांदाच बोट वाकवून ब्रेक लागला. आमच्या सोसायटीच्या उतारावरून सात वेळा खाली आले, वॉचमन काळजीने बघत होता.

एकच शंका उरली. सप्टेंबरात सफरचंदांची तोडणी चालू असते, वाटेवर ट्रॅक्टर येतात असं वाचलं. भाड्याच्या सायकलीला घंटा असते का?

कॅरियर

असते. इटलीत घंटा सक्तीची आहे. पण ट्रॅक्टरवाल्याला ती ऐकू येत नाही, तुम्हीच बाजूला व्हा.