इम्प्लांटसाठी हाडांची गोळी बंद करायची का?

इंदूरच्या राजेंद्रनगर आणि रामबाग भागांतल्या दोन डॉक्टरांचा हा वाद.

राजेंद्रनगर, दंतशल्य: इंदूरमध्ये दाताच्या इम्प्लांटआधी (जबड्याच्या हाडात बसवायचा कृत्रिम दात), जबड्याचं हाड कुजू नये म्हणून, ‘हाडांची गोळी तीन महिने बंद ठेवा’ असं सरसकट सांगतात. हे चूक आहे. ही गोळी, म्हणजे ठिसूळ हाडांसाठी आठवड्याला घ्यायचं ७० मिलिग्रॅमचं अलेंड्रोनेट, हाडात साठतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तीन महिन्यांत जबडा औषधातून मोकळा होत नाही.

रामबाग, मुखशल्य: डॉक्टर, मग त्याच न्यायाने गोळी थांबवली तरी मणक्याचंही तीन महिन्यांत काही बिघडणार नाही. चार वर्षांहून जास्त गोळी घेतलेल्यांना शस्त्रक्रियेआधी दोन महिने गोळीपासून विश्रांती द्यावी, असं अमेरिकन मुखशल्य संघटनेनं २०१४ साली सुचवलं होतं. खालच्या जबड्याचं हाड एकदा उघडं पडलं की काय होतं ते बघा: हिरडी मागे सरकते, पिवळट हाड दिसतं, आठ आठवडे उलटले तरी ते झाकत नाही. मधुमेह किंवा स्टिरॉइड सोबत असेल तर मी थांबेनच.

राजेंद्रनगर: त्याच संघटनेचं २०२२ मध्ये विश्रांतीवर एकमत झालं नाही, हेही सांगा ना. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या) गोळ्यांवर जबड्याचं हाड कुजण्याचा धोका दहा हजारांत दोन ते पाच जणांना. आणि ‘बंद’ हा शब्द पेशंट स्वतःहून इंजेक्शनलाही लावतो, खरी भीती तिथे आहे. हे इंजेक्शन, डेनोसुमॅब, हाडात साठत नाही. सहा महिन्यांनी घ्यायचा ६० मिलिग्रॅमचा डोस सातव्या महिन्यापलीकडे गेला तर एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. म्हणून डोसनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात इम्प्लांट बसवावं, म्हणजे पुढच्या डोसआधी जखम भरायला वेळ मिळतो.

रामबाग: इंजेक्शनबद्दल मान्य. पण इम्प्लांटच कशाला? ब्रिजला, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या दाताला, हाडात ड्रिल लागत नाही.

राजेंद्रनगर: शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात त्याचं काय? सैल कवळी तर हिरडी घासून हाड उघडं पाडते. सीटीएक्सच्या (हाड किती झिजतंय ते सांगणाऱ्या) रक्ततपासणीवरही निर्णय सोडू नका, तिचा आकडा धोका नीट सांगत नाही. एका वेळी एकच जागा उघडा, ड्रिलवर सलाईनची धार अखंड ठेवा, हिरडी ताण न देता शिवा, जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनच्या चुळा द्या आणि आठ आठवडे नजर ठेवा. किडलेला, पू झालेला दात मात्र आधी काढा. तो तसाच ठेवणं जास्त महागात पडतं.

रामबाग: कॅन्सरसाठी दर महिन्याला झोलेड्रोनिकचं (अलेंड्रोनेटच्याच गटातलं) इंजेक्शन घेणाऱ्यांना यातलं काहीच लागू नाही, तिथे इम्प्लांट नकोच. बाकीच्यांवरची नजरही आठ आठवड्यांनी काढू नका. हाड इम्प्लांटभोवती नंतरही, अगदी काही वर्षांनीही, कुजू शकतं. ते पेशंटला लेखी संमतीत आधीच कळायला हवं.