होंडा सिटी १.५ व्हीटेक: ५,००० च्या वर किक जाणवत नाही, सोलेनॉइड गेलाय का?

घोडबंदरकर (ठाणे)
२००२ ची सिटी १.५ व्हीटेक. आयडल स्थिर, ॲव्हरेज ठीक, चेक इंजिनचा दिवा नाही. पण ५,००० आरपीएमनंतर सगळे म्हणतात तसा धक्का बसत नाही, फक्त आवाज जरा भरदार होतो. न्यूट्रलला रेस देऊन पाहिलं, तिथेही काही नाही. मेकॅनिक म्हणतो सोलेनॉइड बदला. बदलू का?

कॅमरॉकर (ऐरोली)
थांबा, एवढ्यात खर्च नको. न्यूट्रलची टेस्ट बाद धरा. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आरपीएम, लोड, पाण्याचं तापमान आणि गाडीचा वेग हे चारही बघून सोलेनॉइडला, म्हणजे व्हीटेकचं ऑइल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला, करंट देतो. उभ्या गाडीत व्हीटेक लागतच नाही. स्पीडोमीटरचा काटा मेला असेल तर चालत्या गाडीतही नाही.

आता किकचं. तुमच्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट, आणि व्हीटेक फक्त इनटेक व्हॉल्व्हवर. त्याच शाफ्टवर कमी आरपीएमसाठी लो कॅम आणि जास्त आरपीएमसाठी हाय कॅम असतो; व्हीटेक लागणं म्हणजे लोवरून हायवर जाणं. लो कॅमचा टॉर्क उतरायला लागतो तिथेच हाय कॅमचा चढत असतो. दोन्ही रेषा जुळतात त्या जागी बदल केला तर पाठीला काही कळत नाही. धक्का बसतो तो बदल उशिरा केल्यावर, कारण मधला टॉर्कचा खड्डा एकदम भरतो. वेगळा कंट्रोलर लावून या बदलाचा पॉइंट वरच्या आरपीएमला ढकलणारी मंडळी पॉवर घालवून धक्का विकत घेतात! १९८९ च्या होंडा इंटेग्रातल्या बी१६ए इंजिनमध्ये १.६ लिटरमधून १६० पीएस निघायचे, पण तिथे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे व्हीटेक होतं. ती अपेक्षा सिटीकडून ठेवू नका.

खरी खूण वेगळी. दुसऱ्या गिअरमध्ये ३,००० पासून पाय पूर्ण दाबा. ओढ रेडलाइनपर्यंत टिकली तर व्हीटेक लागतंय. लागत नसेल तर साडेपाच हजारांनंतर इंजिन गुदमरतं, काटा रेंगाळतो. दुसऱ्यातच सत्तरच्या पुढे जाल, त्यामुळे नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर हा प्रयोग नको, कॅमेरे आहेत. डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायचं यंत्र) ग्राफ काढलेला बरा.

तेलकट_हात (तुर्भे)
वरच्याशी सहमत. तरी शंका असेल तर या क्रमाने बघा.

ऑइल लेव्हल आधी. व्हीटेकची पिन ऑइल प्रेशरनेच सरकते आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) एकमेकांना लॉक करते. ऑइल कमी किंवा जळकं असेल तर बाकी सगळं बघणं फुकट.

मग सोलेनॉइडचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावा, टर्मिनल ते बॉडी. १४ ते ३० ओहम आलं तर कॉइल चांगली. १२ व्होल्ट दिल्यावर टक् आवाज यायला हवा. हे दोन्ही जमलं तर नवा सोलेनॉइड घेऊ नका.

नंतर सोलेनॉइडची असेंब्ली सिलिंडर हेडवरून सोडवा. मागे जाळीचा फिल्टर आहे, तो काळ्या गाळाने बुजलेला सापडतो. जाळी आणि रबर नवं टाका, जुनं रबर परत बसवलं की ऑइल हेडवरून ओघळतं. बोल्ट सहा एमएमचे, १२ न्यूटन-मीटर पुरे. ताकद लावली की ॲल्युमिनियमचे आटे गेले.

तरीही संशय राहिला तर प्रेशर गेज. इंजिन गरम, सोलेनॉइडला बाहेरून १२ व्होल्ट, ५,००० ला सुमारे ४ किलो प्रेशर हवं. मिनिटभराच्या वर धरू नका.

घोडबंदरकर (ठाणे)
ऑइल २०डब्ल्यू५० आहे. आणि गाडी तापते म्हणून आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट काढून टाकलाय.

तेलकट_हात (तुर्भे)
मग तिथूनच सुरुवात करा. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह. तो नसला की रात्री मोकळ्या हायवेवर पाणी नीट तापत नाही, आणि थंड इंजिनात ईसीयू व्हीटेक देत नाही. थर्मोस्टॅट बसवा. तापण्याचं कारण रेडिएटर, फॅन, कॅप यांत शोधा. ऑइल १०डब्ल्यू३० करा, जाड ऑइलने पिन आळसावते.

नेरूळ_सिव्हिक
माझ्या १.८ आय-व्हीटेक सिव्हिकमध्येही किक नाही. हेच तपासू?

कॅमरॉकर (ऐरोली)
नाही. तुमच्या आर१८ इंजिनात उलटं आहे. तिथे व्हीटेक हलक्या पायावर लागतं, इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून पेट्रोल वाचवायला. पाय दाबलात की सुटतं.