प्रॅचेटच्या अर्धवट कादंबऱ्या रोलरखाली: बरं झालं की वाईट?

गावठी जादूगार (धागाकर्ता)

टेरी प्रॅचेट हा इंग्रज लेखक मार्च २०१५ मध्ये गेला. माझ्यामागे जे काही अर्धवट लिखाण उरेल ते कॉम्प्युटरसकट रोडरोलरखाली घाला, असं त्याने बजावून ठेवलं होतं. त्याचा मदतनीस रॉब विल्किन्स याने ते खरंच केलं. २५ ऑगस्ट २०१७ ला इंग्लंडमधल्या डॉर्सेटला, जुन्या वाफेच्या इंजिनांची मोठी जत्रा भरली होती तिथे, हार्ड डिस्क जमिनीवर ठेवली आणि 'लॉर्ड जेरिको' नावाचा साडेसहा टनांचा रोलर तिच्यावरून फिरवला. डिस्क भलतीच चिवट. अनेकदा फिरवूनही पुरती मोडेना, शेवटी खडी फोडायच्या यंत्रात घालावी लागली. आत दहाएक कादंबऱ्यांचे तुकडे होते म्हणतात.

माझं मत सांगून टाकतो: उत्तम केलं.

प्रॅचेट धो धो लिहायचा. १९८३ च्या 'द कलर ऑफ मॅजिक'पासून पुढे एकट्या डिस्कवर्ल्ड मालिकेत ४१ कादंबऱ्या. थाळीसारखं सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती कासवाच्या पाठीवर आणि कासव अवकाशात पोहतंय. (आपल्याला हे ऐकून फारसं नवल वाटू नये.) त्याआधी दोन विज्ञान कादंबऱ्या, नंतर स्टीफन बॅक्स्टरबरोबर 'लाँग अर्थ' मालिका, शिवाय मुलांची पुस्तकं. पण धो धो म्हणजे सुचलं तसं छापलं असं नव्हे. वीजमंडळात अणुवीज केंद्रांचा जनसंपर्क सांभाळायची नोकरी करून तो रोज रात्री ४०० शब्द लिहायचा. त्याचा लेखकमित्र नील गेमन याने सांगितलेला किस्सा आहे: एका रात्री कादंबरी संपली आणि कोट्यातले १०० शब्द उरले, तर पठ्ठ्याने टाइपरायटरवर कोरा कागद चढवून पुढच्या कादंबरीचे १०० शब्द लिहिले. अशा माणसाकडे अर्धवट गोष्टींचा ढीग असणारच. त्यातलं पुस्तकात किती टिकलं असतं, देव जाणे.

आणि त्याची पहिली कादंबरी बघा. 'द कार्पेट पीपल' लिहिली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, छापून आली १९७१ मध्ये. पुढे नाव झाल्यावर ती पुन्हा काढायची ठरली, तेव्हा त्याने बसून तिची दुरुस्ती केली. १९९२ च्या त्या आवृत्तीत त्याने म्हटलंय की या पुस्तकाचे लेखक दोन, आणि दोघं एकच माणूस. छापलेलं पुस्तकसुद्धा ज्याला तसंच सोडवलं नाही, त्याचे कच्चे खर्डे वाचणारे आपण कोण?

खवचट काकू

'आपण कोण' म्हणजे काय? वाचक! पैसे मोजून पुस्तकं घेतली आहेत त्याची.

काफ्काने आपल्या मित्राला, मॅक्स ब्रॉडला, माझं सगळं लिखाण जाळून टाक म्हणून सांगितलं होतं. ब्रॉडने ऐकलं नाही म्हणून 'द ट्रायल' ही कादंबरी आज आपल्या हातात आहे. विल्किन्स फारच आज्ञाधारक निघाला. मला ते तुकडे कादंबरी म्हणून नकोच आहेत. एखाद्या विद्यापीठाच्या कपाटात पन्नास वर्षं कुलपात ठेवायचे होते. हा माणूस तळटीपेत विनोद करायचा, आणि तो विनोद आधी सुचायचा की वरचं वाक्य, हे खर्ड्याशिवाय कळणार कसं?

दुसरं म्हणजे, लिखाण नको होतं तर घरी बसून डिलीट करायचं. जत्रेत रोलर कशाला? पुढच्याच महिन्यात सॅलिसबरीच्या म्युझियममध्ये त्याच्यावर प्रदर्शन लागलं आणि तिथे हीच फुटकी डिस्क मांडली. लेखकाच्या शेवटच्या इच्छेची झकास जाहिरात झाली.

गावठी जादूगार

काकू, काफ्का येणार हे माहीत होतं, पण पहिल्याच प्रतिसादात येईल असं वाटलं नव्हतं. :)

काफ्काचं हयातीत फार थोडं छापलं गेलं होतं. ब्रॉडने ऐकलं असतं तर मागे जवळजवळ काही उरलं नसतं. इथे ४१ अधिक बाकीची पुस्तकं बाजारात आहेत. प्रॅचेटला काय छापायचं आणि काय नाही याचा चाळीसेक वर्षांचा अनुभव होता.

आणि रोलरचं म्हणाल तर तो त्याचा स्वभावच. 'सर' किताब मिळाल्यावर सरदाराकडे तलवार पाहिजे म्हणून स्वतः लोहखनिज वितळवून, त्यात उल्केचं लोखंड घालून तलवार घडवणारा माणूस तो. डिलीटचं बटण दाबून तो गेला असता तर मलाच संशय आला असता.

निंबोणी

धागाकर्त्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

२००७ च्या डिसेंबरमध्ये त्याने आजार जाहीर केला. अल्झायमरचाच एक दुर्मीळ प्रकार, पण मेंदूच्या मागच्या भागावर घाला घालणारा. यात सुरुवातीला आठवण किंवा बोलणं तितकं जात नाही. समोरची वस्तू डोळ्यांना दिसते आणि तरी सापडत नाही. बोलायला बसला की माणूस अगदी शाबूत वाटतो. घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस सांभाळलेल्यांना हे ऐकून वेगळंच वाटेल. त्याचं पहिलं गेलं ते टायपिंग. नंतरची पुस्तकं त्याने विल्किन्सला तोंडी सांगितली, किंवा बोललेलं लिहून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला.

२०१३ चं 'रेझिंग स्टीम' वाचा. डिस्कवर्ल्डमध्ये आगगाडी येते ते. कल्पना फक्कड, पण पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून भाषणं ठोकतात. ते तर हात फिरवून, संपादन होऊन आलेलं पुस्तक. मग ज्यावर हात फिरलाच नाही ते कसं असेल? आपलं कोणत्या अवस्थेतलं लिखाण लोकांनी बघावं, हे ठरवायचा हक्क आजारी माणसाला असायलाच हवा. मरण कसं यावं यावरही तो २०१० च्या बीबीसीच्या डिम्बल्बी व्याख्यानात उघड बोलला होता. तेही वाचून दाखवलं अभिनेता टोनी रॉबिन्सनने, कारण तोवर प्रॅचेटला स्वतःला भाषण वाचणं जमत नव्हतं.

शेवटचा बाक

निंबोणीताई, पण याच आजारात त्याने 'आय शॅल वेअर मिडनाइट'ही लिहिलं, २०१० मध्ये. ते कुठल्या बाजूने कमी आहे? आजारामुळे लिखाण उतरलंच असणार हे आधीच धरून चाललात तर विषयच संपला.

आणि तेव्हाचंच दुसरं उदाहरण आहे. 'व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालेचा लेखक रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये गेला. प्रॅचेटचा आजार जाहीर व्हायच्या तीन महिने आधी. शेवटच्या आजारात जॉर्डनने कथेचा शेवट टिपणांत आणि टेपवर सांगून ठेवला होता. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल त्याची संपादकही होती. तिने ब्रँडन सँडरसनला बोलावून काम सोपवलं. ठरलं होतं एक पुस्तक, झाली तीन, शेवटचं २०१३ मध्ये आलं. वाचकांना शेवट मिळाला. ही मला जास्त उदार रीत वाटते.

गावठी जादूगार

जॉर्डनची एकच लांबलचक गोष्ट होती, वाचक वीस वर्षं शेवटासाठी ताटकळले होते. ते देणं होतं. डिस्कवर्ल्डची बहुतेक पुस्तकं सुटी सुटी आहेत, कुठूनही उचला. तिथे कोणाचं काही देणं उरलं नव्हतं. त्याची मुलगी रिआना स्वतः लेखिका आहे, तिनेही पुढे लिहिणार नाही म्हणून सांगितलं.

क्लॅक्सवाला

मी आयटीतला. बॅकअप नव्हता यावर माझा काडीचा विश्वास नाही. कुठेतरी एक पेनड्राइव्ह असणार. :D

अवांतर: 'गोइंग पोस्टल'मध्ये मनोऱ्यांवरून संदेश पाठवतात आणि मेलेल्या कर्मचाऱ्याचं नाव त्या मनोऱ्यांमधून सतत फिरत ठेवतात. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या प्रोग्रामर लोकांनी आपापल्या वेबसाइटच्या हेडरमध्ये त्याचं नाव घातलं, वाचणाऱ्याला दिसत नाही असं. माझ्याही साइटवर आहे. चर्चा चालू द्या.

वरणभात

४१ वाचून झाल्यात का सगळ्यांच्या? नाहीत ना? मग त्या दहांसाठी कशाला गळा काढताय.

खवचट काकू

वरणभात, माझ्या झाल्यात. काहींची दुसऱ्यांदा.

तत्त्वाच्या गप्पा चालल्याच आहेत तर 'अ स्ट्रोक ऑफ द पेन'चं काय करायचं? २०२३ मध्ये आलेलं पुस्तक. सत्तर-ऐंशीच्या दशकात प्रॅचेटने टोपणनावाने वर्तमानपत्रात गोष्टी लिहिल्या होत्या. त्या त्याने कधी कोणाला सांगितल्या नाहीत, कुठल्या संग्रहात घेतल्या नाहीत. चाहत्यांनी जुने अंक चाळून त्या हुडकल्या आणि वारसांच्या संमतीने छापल्या. तेव्हा लेखकाची इच्छा कुठे गेली? जे रोलरखाली गेलं ते पवित्र, आणि जे मुद्दाम दुसऱ्या नावामागे दडवलं ते खुलं?

गावठी जादूगार

त्या गोष्टी पूर्ण करून त्यानेच संपादकाच्या हाती दिल्या होत्या, त्याचे पैसे घेतले होते. एकदा छापलं की ते लोकांचं झालं. डिस्कवरचं त्याने कोणाच्याच हाती दिलं नव्हतं. फरक एवढाच आहे आणि मला तो पुरतो.

शेवटचा बाक

पैसे घेतले म्हणजे नाव उघड करायला हरकत नाही? हे तर टोपणनावाने इथे लिहिणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच लागू होईल, जरा जपून बोला.

खवचट काकू

बरं, जवळचं विचारते. उद्या नारायण धारपांची न छापलेली समर्थकथा कुठल्या माळ्यावर निघाली, सोबत चिठ्ठी की हे वाचू नका, नष्ट करा. काय कराल? खरं सांगा.

गावठी जादूगार

धारपांच्या अक्षरातली चिठ्ठी असेल तर रोलरचं भाडं मी भरतो.

निंबोणी

चिठ्ठी कधीची ते आधी बघेन. धडधाकट असताना लिहिलेली असेल तर धागाकर्त्याबरोबर.

खवचट काकू

तुम्ही चिठ्ठीवरची तारीख बघत बसा. तोवर मी दोनदा वाचून झेरॉक्सही काढलेली असेल.