व्हीपीएनसाठी हार्डवेअर एन्क्रिप्शनचा राउटर घ्यावा का?

प्रश्न:
हिंगणघाट तालुक्यातील आमच्या जिनिंगमधले वजनकाट्यावरचे आणि गंजीवरचे कॅमेरे नागपूरच्या कार्यालयातून ओपनव्हीपीएनद्वारे (इंटरनेटवरून दोन ठिकाणे सुरक्षितपणे जोडणारे व्हीपीएन सॉफ्टवेअर) पाहिले जातात. दोन्हीकडे १०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे, परंतु व्हीपीएनमधून जेमतेम १५ मिळतात, आणि कापसाच्या गाड्या रांगेत असताना नेमके काट्यावरचे चित्र अडकते. राउटरमध्ये एमटी७६२१ चिप आहे. हार्डवेअर एन्क्रिप्शनचा नवा राउटर घेतल्यास फरक पडेल का?

उत्तर १:
भाऊ, आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाची चाचणी चालू ठेवून राउटरवर 'टॉप' ही आज्ञा (कोणता प्रोग्राम प्रोसेसर किती वापरतो ते दाखवणारी) चालवून पाहा. ओपनव्हीपीएनने एक कोर पूर्ण व्यापला असेल, तरच अडचण प्रोसेसरची आहे. मात्र एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीचे वेगळे इंजिन तुमच्या एमटी७६२१मध्ये आधीपासूनच आहे. ओपनव्हीपीएनला त्याचा लाभ होत नाही, कारण ते सहसा कर्नलबाहेर (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालते, प्रत्येक पॅकेट कर्नलमधून वर आणून पुन्हा खाली न्यावे लागते, आणि दीड हजार बाइटांच्या पॅकेटसाठी इंजिनाकडे काम सोपवून इंटरप्टची (काम झाल्याच्या इशाऱ्याची) वाट पाहण्यातच वाचलेला वेळ खर्ची पडतो. आयपीसेक या दुसऱ्या व्हीपीएन पद्धतीला हेच इंजिन उपयोगी पडते, कारण तिथे सारे काम कर्नलमध्ये होते आणि अनेक पॅकेटे एकदम रांगेत देता येतात. त्यासाठी एईएस-सीबीसी हा एईएसचा प्रकार निवडावा लागेल आणि फर्मवेअरमध्ये इंजिनाचा ड्रायव्हर असावा लागेल.

उत्तर २:
पैसे खर्च करण्याआधी याच राउटरवर वायरगार्ड हे दुसरे व्हीपीएन लावून पाहा, असा माझा आग्रह आहे. मार्च २०२० मधील लिनक्स ५.६ पासून ते कर्नलचाच भाग आहे. एन्क्रिप्शनसाठी ते फक्त चाचा२०-पॉली१३०५ ही पद्धत वापरते, त्यामुळे एईएसचे कोणतेही इंजिन त्याच्या कामाचे नाही. पण चाचा२० साध्या प्रोसेसरवरही वेगाने चालते.

खरेदी करायचीच असेल, तर एईएसच्या सूचना थेट प्रोसेसरमध्येच असलेली चिप घ्या. तिथे काम दुसरीकडे सोपवावे लागत नाही, म्हणून ओपनव्हीपीएनलाही लाभ मिळतो. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकामध्ये त्या सूचना नाहीत, पाय ५ मध्ये आहेत. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये 'एईएस' दिसते का, एवढे पाहिले की कळते.

प्रश्नकर्ता:
वायरगार्ड लावले. वेग ६० च्या वर जातो आणि काट्याचे चित्र अडकत नाही. फायबर तुटून ४जीवर गेल्यावर मात्र पूर्वीसारखेच होते.

उत्तर १:
तेव्हा प्रोसेसर बहुतेक रिकामाच असेल. कमी पडतो तो ४जीचा अपलोड वेग, आणि तिथे कोणतीही चिप मदत करणार नाही. ४जीवर असताना कॅमेऱ्यांची कमी बिटरेटची सबस्ट्रीम (कमी डेटा लागणारे दुय्यम चित्रण) पाठवा.